लागली का झोप?

गेल्या रविवारी दुपारी मी माझ्या झोपलेल्या मुलीच्या तोंडावर मोबाइलची बॅटरी मारली.

हेतू चांगला होता. इतका गाढवपणा माणसाच्या हातून चांगल्या हेतूशिवाय होतच नाही. श्रावणात आमच्या रोह्याला भर दुपारी तिन्हीसांजेसारखं अंधारून येतं, आणि ते पुरेसं नाही म्हणून वीजही जाते. तनुजा, म्हणजे आमची एकुलती एक, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. परीक्षेला तीन आठवडे राहिलेत आणि गेले आठ दिवस तिच्या डोळ्याला डोळा नाही. त्या दुपारी ती जेवून आडवी झाली. अर्ध्या तासानं मी हळूच दार ढकललं. अंथरुणावर एक गाठोडं दिसलं, पण गाठोड्याचे डोळे मिटलेत की उघडे आहेत ते काही कळेना. म्हणून बॅटरी.

डोळे उघडले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. लागली का झोप ते बघत होतो."

"लागली होती," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

बाहेर सुनंदा, माझी बायको, मोड आलेले वाल सोलत बसली होती. घर केवढं, दार केवढं. तिनं सगळं ऐकलं होतं. चिमटीत एक वाल दाबला, बिरडं टुणकन टोपात गेलं, साल ताटात राहिली. बायको बोलते तेव्हा मला निदान उत्तर तरी देता येतं. ती वाल सोलते तेव्हा मी उघडा पडतो.

मला स्वतःची शिसारी आली. बॅटरीपेक्षा त्या तीन शब्दांची जास्त. 'लागली का झोप?' हे शब्द आपल्या तोंडून कधी निघणार नाहीत अशी मी पस्तीस वर्षांपूर्वी शपथ घेतली होती. आणि ते निघाले तेही आमच्या आईच्याच सुरात, तसेच घशातल्या घशात, मायेनं बरबटलेले.

श्रावण आला की लोकांना हिरवळ दिसते, ऊनपाऊस दिसतो. मला आंबलेल्या डिंकाचा वास येतो. माझा जन्म जोह्याचा. पेणच्या बाजूला हमरापूरजवळ आमचं गाव, आणि गावात घर कमी, गणपतीचे कारखाने जास्त. आमचंही घर म्हणजे कारखानाच. आषाढ सरला की पडवी भरायची, मग ओटी, मग माजघर. चुलीच्या मागच्या फळीवरसुद्धा वीतभर उंचीचे गणपती वाळत असायचे, आणि आई त्यांच्यावर फोडणी उडू नये म्हणून आडोशाला परात धरायची. वर पावसाळी हवा. काही म्हणजे काही वाळायचं नाही. प्लास्टर घाम फुटल्यासारखं ओलं, काथ्या कुबट, रंगाचे डबे चिकट, टर्पेंटाइनच्या वासानं डोकं जड, आणि कोपऱ्यात भिजत घातलेला डिंक. चौथ्या दिवशी तो डिंक असा काही वास मारायचा की मांजर ओटीवर पाय ठेवत नसे. आम्ही मात्र त्यातच जेवत होतो.

त्या वर्षी मी बारावीला गणितात नापास झालो होतो. मार्चमध्ये गेलो तो ऑक्टोबरला पुन्हा बसायचं होतं. रोह्याच्या एका कंपनीत बारावी पास मुलं घेणार होते. तिथं लागलो तर सुटलो, नाही तर जन्मभर प्लास्टर घासायचं आणि डिंक हुंगायचा, एवढा साधा हिशोब माझ्या डोक्यात होता. आणि जसजसा ऑक्टोबर जवळ यायला लागला तसतशी माझी झोप गेली. गेली म्हणजे अशी गेली, जशी उंबऱ्यावरून चप्पल चोरीला जावी. कालपर्यंत होती, आज नाही, आणि कुणी नेली म्हणायचं.

झोप गेल्याचं दुःख एकपट असतं. ती गेल्याचं घरच्यांना कळलं की ते दहापट होतं. आधी आईला कळलं. ती अंथरुणाशी यायची आणि माझ्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. त्या बोटाला रंग, लसूण आणि राखेचा असा एक मिळून वास असे. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायचो. आई हळूच विचारायची, "लागली का झोप?" आता ह्या प्रश्नाला माणसानं काय उत्तर द्यावं? लागली असेल तर तो देऊ शकत नाही, आणि दिलं तर ती लागलेली नाही.

मग उपाय सुरू झाले. म्हशीचं दूध जायफळ उगाळून, आणि वर बोटभर जाडीची साय. ती साय ओठाला चिकटायची, तशीच गिळायची, कारण "सायीतच ताकद हाय." टाळूवर ब्राह्मीचं तेल थापलेलं. ते ओघळून कानात, कानातून उशीत. पंधरा दिवसांत ती उशी अशी खवट झाली की तिच्यावर डोकं ठेवणं म्हणजे जुन्या भज्यावर झोपण्यासारखं होतं. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासायची, घासता घासता काळं किटण निघायचं, आणि आई ते मला बोटावर घेऊन दाखवायची: "बघ, किती उष्णता." मी बघायचो. बघितल्यावर उरलीसुरली झोपही उडायची.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती शांतता. मी अंथरुणावर पडलो की अख्खा कारखाना चवड्यावर चालायचा. अप्पा, म्हणजे माझे वडील, एरवी ज्यांची हाक शेजारच्या दादर गावापर्यंत जायची, ते खुणेनं बोलायचे. रेडिओ बंद. घासणारी माणसं पॉलिश पेपर असा हळू ओढायची की ते खस्स-खस्स उंदरानं पुठ्ठा कुरतडल्यासारखं वाटायचं. मी पडून ऐकायचो, एवढी माणसं माझ्या झोपेसाठी श्वास धरून बसली आहेत. अशात कोण झोपेल?

कारखान्यात हात लावायची मला बंदी होती. "तुला परीक्षा हाय," अप्पा म्हणायचे, "तू पुस्तक सोडू नको." मीही सोडलं नाही. पुस्तक छातीवर उघडं ठेवून मी आढ्याकडं बघत पडायचो. एक गणित सुटलं असेल तर शपथ. पुस्तकाच्या पानांना माझ्या छातीचा घाम लागून ती फुगली, आणि जो तो येऊन म्हणायचा, काय अभ्यास करतोय पोरगा, पुस्तक बघा कसं झालंय.

झोप यायची, नाही असं नाही. नको तिथं यायची. पेणला गणिताच्या शिकवणीला जायचो, तिथं सर फळ्याकडं वळले की यायची. सर म्हणायचे, "झोपणारा पास होत नाही रे," आणि घरचे म्हणायचे, झोपला नाहीस तर पास कसा होशील. आणि एसटीत यायची. गाडी सुरू झाली की माझी मान पडायची. एकदा जाग आली तेव्हा मी शेजारच्या बाईच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून होतो आणि तिच्या पोलक्यावर रुपयाएवढा ओला डाग पडला होता. खाडीकडच्या मिठागरावरची बाई, पायाशी सुक्या मासळीची टोपली. माझी लाळ आणि तिची सुकट, दोन्हींचा वास एकत्र येत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खिशातून रुमाल काढला, तर तोही ब्राह्मीच्या तेलानं माखलेला.

"राहू दे रं," ती म्हणाली. "घाम तर घाम, लाळ तर लाळ. झोप, पेण आली का उठवीन."

"झोप येत नाय मला," मी म्हणालो.

तिनं खांद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "व्हय का? मंग ह्यो डाग काय मी पाडला?"

कंडक्टर फस्सकन हसला. दुसऱ्या दिवसापासून तोही तिकीट फाडताना विचारायला लागला, "काय, लागली का झोप?"

चतुर्थीला दहा दिवस उरले आणि बाळाकाकांना हिवताप आला. बाळाकाका आमच्याकडं आखणी करायला यायचे. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे. मूर्ती घडवणारे, घासणारे, रंगवणारे पुष्कळ मिळतात, पण डोळे शेवटी आणि एकाच हातानं व्हायचे. तोवर सगळे गणपती रंगीत सोवळी नेसून, दागिने घालून, पांढऱ्या कोऱ्या डोळ्यांनी रांगेत बसलेले असतात. बाळाकाकांचे आखणीचे काही नियम होते. सकाळी आंघोळ करून बसायचं. मधे बोलायचं नाही. जवळ एक छोटा आरसा ठेवायचा. पापणीची घडी कुठं मोडावी असं अडलं की आरशात आपलाच डोळा बघायचा. आणि रात्रीची पुरी झोप झाली नसेल तर कुंचल्याला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम मला नेहमी त्यांचा आळस वाटायचा.

माझा हात लहानपणापासून बरा होता. बाळाकाकांशेजारी बसून मी पाटीवर डोळे काढत आलो होतो. अप्पा उरलेल्या मूर्ती कशा पुऱ्या करायच्या ह्या काळजीनं पेणला आखणीवाला शोधायला गेले, आणि मी आईला म्हटलं, "मी करतो. नाहीतरी जागाच हाय." त्या वाक्याचा मला केवढा अभिमान वाटला. महिनाभर जी गोष्ट माझ्या अंगावर शेवाळासारखी चढली होती तिचा एकदाचा उपयोग होणार होता.

मी आंघोळ केली. मधे बोललो नाही. आरसा घेतला. तीन नियम पाळले. सकाळी बसलो तो दिवेलागणीपर्यंत चाळीस मूर्तींचे डोळे केले. हात जरासुद्धा कापला नाही. आणि खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा डोकं शांत होतं. अडलं की आरसा, आरशातून कुंचला, कुंचल्यातून डोळा. मला ते डोळे फार सात्त्विक वाटले. करुणेनं जड झालेले.

अप्पा संध्याकाळी हात हलवत परत आले, आखणीवाला मिळाला नव्हता. आईनं हसतमुखानं त्यांना रांगेसमोर नेलं. अप्पांनी कंदील उचलला. पहिला गणपती बघितला. दुसरा बघितला. मग चालत चालत चाळीसाव्यापर्यंत गेले, परत आले, आणि कंदील माझ्या तोंडाजवळ धरला.

"आरसा घेतला हुतास काय?"

"घेतला होता."

"मंग बराबर हाय," अप्पा म्हणाले, आणि पायरीवर बसले.

मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. चाळीसच्या चाळीस गणपतींच्या वरच्या पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या. कोपऱ्यात लाली, जी थेंबभर असते ती, बोटभर. डोळ्याखाली छाया देता देता मी चक्क पिशव्या दिल्या होत्या. चाळीस देव महिनाभर न झोपल्यासारखे माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर माझ्याच तोंडावरचा तो वैताग होता, की बाबांनो, विचारू नका.

तेवढ्यात तीच आली, एसटीतली. आमच्याकडं गिऱ्हाईक आपला पाट आधी आणून देतं, आणि मूर्ती त्याच पाटावर बसवून नेतं. ती पाट द्यायला आली होती. रांगेकडं बघून तिनं टोपली खाली ठेवली.

"गो बाय," ती आईला म्हणाली, "ह्यो तर गाडीतला पोरगा."

आई रडायच्या बेतात होती ती हसायला लागली. हसली ती थांबेना. अप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "सगळे डोळे पुसून टाकायचे. आत्ताच."

त्यानंतर घरात जे माजलं ते मला अजून दिसतं. टर्पेंटाइनचे बोळे, पांढरा रंग, तो वाळवायला शेगड्या, पळापळ. सकाळी बाळाकाका स्वतः आले, घोंगडी पांघरून, ताप उतरलेला, तोंडाला काढ्याचा वास. त्यांनी अजून न पुसलेले डोळे बघितले आणि मला विचारलं, "किती दिस झोपला नाहीस?" मी म्हटलं, "महिना." ते म्हणाले, "आणि माझ्या खुर्चीत बसलास." त्या माणसानं मला कधी शिवी दिली नव्हती. हे वाक्य शिवीपेक्षा कडू होतं. मला त्या रंगाची, त्या वासाची, त्या उशीची आणि मुख्य म्हणजे माझी स्वतःची एवढी किळस आली की मी तिथंच, प्लास्टरच्या रिकाम्या पोत्यांवर, भिंतीला टेकून बसलो.

कुणाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. अप्पा ओरडत होते. रेडिओ लागला होता. माणसं माझे पाय ओलांडून जात होती, एकजण तर पायावर पाय देऊन गेला आणि मलाच म्हणाला, "बाजूला हो की." आई डोळे पुसत होती, गणपतींचे. डिंक नेहमीसारखा आंबला होता. जाग आली तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन अंगणात होतं, माझ्या गालावर पोत्याची नक्षी उमटली होती, आणि महिनाभरात पहिल्यांदाच मला कुणीही काही विचारलं नाही.

एकोणचाळीस गणपतींचे डोळे बाळाकाकांनी नीट केले. चाळीसाव्याला त्या बाईनं हात लावू दिला नाही. "राहू द्या त्याला तसाच," ती म्हणाली. "गौरीच्या जागरणाला आमी डुलक्या घेतो. ह्यो जागा राहील."

ऑक्टोबरमध्ये मी गणितात काठावर पास झालो. रोह्याला लागलो. इथल्या हवेत कंपन्यांचा जो वास असतो त्यानं बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावतो. मी डिंकावर वाढलेलो, मला पहिल्या दिवशी तो अत्तरासारखा वाटला. लग्न झालं, सुनंदा अष्टमी गावची, नदीच्या पलीकडची. पुलावरून वरात आली. घर बांधलं रोह्याला लागूनच, वरश्याला. आणि हळूहळू, जेवताना, पाहुण्यांसमोर, तनुजाच्या प्रत्येक निकालाच्या दिवशी, त्या पावसाळ्याची एक निराळीच गोष्ट तयार होत गेली. त्या गोष्टीत गणपती नव्हते, लाळ नव्हती, पोती नव्हती. त्यात एक तेजस्वी मुलगा होता, जो महिना-महिना न झोपता गणितं सोडवायचा. "आम्ही तुमच्या वयात जागून दिवस काढलेत," मी म्हणायचो. प्रत्येक वर्षी त्या मुलाची झोप मी तासभर कमी करत गेलो. इतकी वर्षं हे खोटं मी मिटक्या मारत सांगितलं ह्याची घाण मला त्या रविवारीच का यावी, कोण जाणे. बॅटरीच्या उजेडात तनुजाचे डोळे दिसले म्हणून असेल. वरची पापणी अर्ध्यावर, कोपऱ्यात लाली, खाली पिशव्या. ते डोळे मी आधी काढलेले होते. चाळीस वेळा.

चार वाजता तनुजा उठून आली. चहा घेतला. जांभई दिली आणि ती दिल्याबद्दल ओशाळली.

"जाते आता, बसते अभ्यासाला," ती म्हणाली. "तुम्ही महिनाभर जागलात, बाबा. मला आठ दिवसांत चक्कर येते."

मी चहाचा कप खाली ठेवला. सुनंदाचा वाल चिमटीतच थांबला.

"मी अभ्यास करत नव्हतो," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"झोप येत नव्हती. पुस्तक छातीवर असायचं. वाचलं काही नाही."

"मग जागून काय करत होतात?"

"काही नाही. जागत होतो."

मग मी सगळं सांगितलं, साय, किटण, खवट उशी, बाईचा खांदा, आरसा. गणपतींपाशी आलो तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "आणि मी तुमच्यासारखं व्हायचं म्हणून त्या काळ्या कॉफीचे मग रिचवतेय. अलार्म लावून उठतेय. मला ओकारी येते ती कॉफी पिऊन."

मी म्हटलं, "ओतून टाक."

तिनं खरंच कॉफीचा डबा मोरीत उलटा केला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. काळं पाणी वाहत गेलं, आणि घरभर एक जळका, कडू वास पसरला. मग ती खोलीत गेली. दार लागलं.

पाऊस चालूच होता. मी वर्तमानपत्र उघडलं. पंधरा मिनिटं अगदी शहाण्यासारखा बसलो. पण आता माझं कबूल करून झालं होतं, मनावरचं ओझं उतरलं होतं, आणि अशा वेळी माणसाला आपल्या चांगुलपणाचा परिणाम बघावासा वाटतोच. फक्त बघायचं. विचारायचं काही नाही. बॅटरी मी मुद्दाम टेबलावरच ठेवली. चवड्यावर चालत गेलो, दाराला दोन बोटं लावली. दार हललं नाही. जरा जोर दिला. आतून कडी होती.

मी वळून बघितलं. सुनंदानं मान वर केली नव्हती.

"कडी मीच लावायला सांगितली तिला," ती म्हणाली. "चाळीस गणपती बिघडवलेत तेवढे पुरे. या इकडं, वाल सोला."